विसरायला कुणी सांगितलं?

गेल्या दिवाळीत आमच्या घरात एका गाडीवरून जे वाजलं, ते अजून पुरतं मिटलेलं नाही. गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. 2004 सालची, शंभर सीसी, फोर स्ट्रोक. टाकीवर एकेकाळी लाल पट्टे होते हे आता सांगावं लागतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अण्णांनी ती चालवायची सोडली आणि तीन वर्षं ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये पोत्याखाली उभी होती. भाचीला कऱ्हाडला कॉलेजात जायला गाडी हवी होती, लायसन्स नुकतंच पक्कं झालं होतं. अण्णा म्हणाले, "माझी ने की." एवढ्यावर दाजी उसळले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, भाचीचे वडील. वयानं, मानानं मोठे. त्यांना तोंडावर उलट बोलायची आमच्याकडे रीत नाही. फराळाच्या ताटावर मी नुसती मान हलवत बसलो. ती हलवलेली मान मला आजवर बोचतेय, म्हणून हे लिहितोय.

त्यांचं म्हणणं माझ्या सोयीनं वाकवून सांगत नाही. नवशिक्याच्या हातात जुनी गाडी देणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला फुटका भोपळा बांधणं, हे त्यांचं पहिलं वाक्य. चांगलं वाक्य आहे. मला सुचायला हवं होतं. दुसरं, जुनी गाडी घेताना फुकट आणि वापरताना सोन्याच्या भावात पडते. तिसरं, 22 सप्टेंबर 2025 पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आलाय, हप्त्यावर नवी कोरी मिळते, मग पोरीला रस्त्यात किक मारत कशाला उभं करायचं? आणि चौथं, जे ते उठून हात धुता धुता म्हणाले, "आणि हे बघा, कुणी त्या गाडीला पाने लावत बसू नका. मेकॅनिकचं काम मेकॅनिकला करू द्या."

पहिल्या तिन्हींवर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझा खरा राग चौथ्यावर आहे. पहिल्या तिन्हींत जे काही खरं आहे, ते या चौथ्यामुळेच खरं झालेलं आहे.

ही 'हात लावू नका'ची सवय आपल्याकडे पूर्वापार नाही. दाजींच्याच वडिलांकडे चेतक होती. त्या काळातल्या स्कूटरवाल्याच्या डिकीत प्लगपाना, एक जादा प्लग आणि पॉलिशपेपरचा तुकडा हमखास असे. स्कूटर सुरू होईना की ती एका अंगावर कलती करायची, सरळ करायची, मग किक. शेजारच्या राज्यातून आलेल्या पाहुण्यालाही हा विधी समजावून सांगावा लागत नसे. बँकेतला कारकून, शाळेतला मास्तर, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून प्लगवरचं काजळ खरवडत असे आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळतं, त्यामुळे प्लग काळा होणार हे ठरलेलंच. शिकल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मग 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 मध्ये स्प्लेंडर. 97.2 सीसीचं ते छोटं फोर स्ट्रोक इंजिन. त्याबरोबर आली ती जाहिरात, 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. भरा, झाकण लावा, विसरा. जाहिरात मायलेजची होती, विसरायचं होतं ते पेट्रोल पंपाला. आपल्या लोकांनी मात्र विसरायला एकदा सुरुवात केल्यावर थांबायचं कुठं हे ठरवलंच नाही. ऑइल विसरले. एअर फिल्टर नावाचा भाग गाडीत असतो हे विसरले. चेन तर बंद कव्हरच्या आत, ती दिसतच नाही, तिचं काय लक्षात ठेवायचं? आणि त्या इंजिनाचा गुन्हा एवढाच, की ते हे सगळं वर्षानुवर्षं निमूटपणे सोसत राहिलं. घरातल्या सोशिक माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं. एके दिवशी ते पडलं, तेव्हा सगळे म्हणाले, जुनी झाली.

दाजी या विसरलेल्या पिढीचे. त्यांनी आयुष्यात तीन गाड्या वापरल्या आणि तिन्हींच्या ऑइलची कांडी कुठल्या बाजूला असते ते त्यांना ठाऊक नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण भाचीनं त्यांना विचारलं होतं.

आता भोपळ्याकडे येऊ. भोपळा फुटका आहे का, हे पाण्यात उतरण्याआधी बोटानं वाजवून कळतं. कार्ब्युरेटरवाली शंभर सीसी गाडी अशी वाजवून बघता येते. इंजिन चालायला पेट्रोल-हवेचं नीट मिश्रण लागतं, वेळेवर ठिणगी लागते आणि सिलिंडरमध्ये दाब लागतो. यांतलं काय नाही, हे शोधायला लॅपटॉप लागत नाही. प्लग काढायचा. भरपूर किका मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, कॉकपासून शोधत खाली यायचं. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी बघायची: प्लग टोपीत बसवायचा, त्याचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवायचं, प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून लांब धरून किक मारायची. निळसर, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर आधी प्लग बदलून बघायचा, मग टोपी, मग वायर. तेवढ्यात दहातल्या आठ वेळा उत्तर मिळतं. चालत्या गाडीचा प्लगही बोलतो. कॉफीच्या रंगाचा असला तर ठीक, कोरड्या काजळीनं माखला तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, पांढराफटक पडला तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतंय.

भाचीला मी पहिल्या दिवशी किक मारूच दिली नाही. पोतं काढलं, टाकीचं झाकण उघडलं, तर आतून पेट्रोलचा वास नव्हता, जुन्या वॉर्निशचा होता. साठून राहिलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट थर ठेवतं. कार्ब्युरेटरच्या स्लो जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. ते सगळ्यांत आधी बुजतं. अशी गाडी चोक ओढला की सुरू होते, रेस दिली की पळते आणि सिग्नलला मूठ सोडली की मरते. बघणारे म्हणतात, इंजिन गेलं. गेलेलं असतं ते एक भोक. आम्ही टाकी रिकामी करून दोनदा खळखळून घेतली, कॉकची जाळी काढली, कार्ब्युरेटरची वाटी उतरवून जेट पेट्रोलात भिजवले आणि पंक्चरवाल्याकडून हवा मारून आणली. तिनं तार घालायला घेतली होती, ती हिसकावून घेतली. जेट पितळेचं असतं, तारेनं भोक रुंद होतं आणि मग ती गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. आतला सगळा कारभार एका रविवारचा.

इथं दाजींच्या वतीनं एक मुद्दा मीच मांडतो, कारण तो त्यांना सुचला नाही. आता पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या काळच्या रबराला त्रास देतं. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग बदलावे लागू शकतात हे सरकारी खुलाशातही आलेलं आहे. म्हणून पेट्रोलची नळी नवी टाकली, कार्ब्युरेटरच्या वाटीचं वायसर नवं टाकलं, आणि टाकीत पेट्रोल ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करायची नाही हा नियम केला. या कारणासाठी जुनी गाडी भंगारात घालायची म्हणजे चप्पल चावली म्हणून पाय कापायचा. बाकी, आमच्या कृष्णाकाठी बसून इथेनॉलला शिव्या घालणाऱ्यांनी जरा जपून बोलावं. पारावरच्या निम्म्या लोकांचं उसाचं बिल कारखान्यातूनच येतं.

गाडी रस्त्यात बंद पडण्याबद्दल दाजी बोलले होते, आणि ती पडली. लपवत नाही. नोव्हेंबरात भाचीला रोज तोच त्रास. घरून निघालं की सहा-सात किलोमीटर गाडी झकास, मग झटके मारते आणि बंद. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू. पहिल्या मेकॅनिकनं प्लग बदलला. दुसऱ्यानं कार्ब्युरेटर पुन्हा साफ केला, वर सीडीआय युनिटही बदललं, ते पैसे गेले. तिसरा गाडी बघून म्हणाला, "गरम झाल्यावर बंद पडते ना? बोअर-पिस्टन. इंजिन काम करावं लागणार." त्या संध्याकाळी दाजींचा फोन आला आणि त्यांचा आवाज मला नको इतका शांत वाटला.

त्यानंतर चौथ्या दिवशी गाडी बंद पडली तेव्हा भाचीनं टाकीत पेट्रोल आहे ना, हे बघायला झाकण उघडलं. 'सुस्स' असा आवाज आला. किक मारली, एका किकला सुरू. तिनं मला फोन करून गाडीबद्दल नाही, त्या आवाजाबद्दल विचारलं. टाकीच्या झाकणाला एक बारीक श्वासाचं भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी त्या भोकातून हवा आत यायला हवी. नाहीतर आत पोकळी होते, पेट्रोल वरच ओढून धरलं जातं, कार्ब्युरेटर उपाशी मरतो. थांबलं की हळूहळू कुठून तरी हवा शिरते आणि गाडी पुन्हा दहा मिनिटांची धनी होते. अण्णांनी दर दसऱ्याला टाकीला प्रेमानं चोपडलेलं पॉलिश आणि त्यावर बसलेली धूळ, यांनी ते भोक लिंपलं होतं. टाचणी, फुंकर, संपलं. इंजिन कामाचे पैसे वाचले याचा मला आनंद झाला, पण ती टाचणी त्या तिघांतल्या कुणाच्या हातात का नव्हती, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

आणि याचं उत्तर 'मेकॅनिक चोर असतात' हे नाही. हे उत्तर आपल्याला फार आवडतं, म्हणून त्याचा बंदोबस्त करतो. गॅरेजसमोर आठ गाड्या उभ्या असतात. आपण जातो आणि सांगतो, "जरा बघा, गाडी नीट चालत नाही. अर्ध्या तासात लागेल. शंभरात होईल ना?" डॉक्टरकडे जाऊन 'बरं वाटत नाही, पटकन गोळी द्या' म्हणणाऱ्याला जी गोळी मिळते तीच इथं मिळते. सात किलोमीटर गाडीवर बसून ती बंद पडायची वाट बघायला मेकॅनिककडे वेळ नाही आणि त्याचे पैसे आपण देणार नाही. तो काय करणार? अंदाजानं पार्ट बदलणार. बंद पडणं ही तक्रार होत नाही. थंड असताना की तापल्यावर, किती अंतरानंतर, मूठ सोडल्यावर की चढाला, पावसात की उन्हात, रिझर्व्हवर टाकल्यावर फरक पडतो का, हे ज्याला सांगता येतं त्याची गाडी तोच मेकॅनिक एका फेरीत बरी करतो. हे सांगणं गाडी चालवणाऱ्याचंच काम आहे, दुसरा कुणी ते करूच शकत नाही. तेव्हा मेकॅनिकचं काम मेकॅनिकला करू द्या हे मला शंभर टक्के मान्य आहे. दाजींनी त्यात चालवणाऱ्याचं कामही मेकॅनिकच्या गळ्यात घातलं, एवढीच तक्रार.

क्लच प्लेट, व्हील बेअरिंग, हेड काम, वायरिंग जळणं, यांतल्या कशालाही भाचीनं हात लावावा असं मी म्हणत नाही. मीही लावत नाही. मी तर ऑइलचा ड्रेन नट एकदा लांब पान्यानं जोर लावून आवळला होता आणि इंजिनाचे आटे घालवले होते. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात पोलादी नट फिरवताना मनगटाचा जोर पुरतो, खांद्याचा लावायचा नसतो, हे मला दुरुस्तीचं बिल देताना समजलं. नवशिक्यानं पाना धरताना पहिलं शिकायचं ते आवळणं कुठं थांबवायचं हेच.

ऑइलचा विषय निघालाच आहे. या गाड्यांत ऑइल बदलताना एक लिटरही लागत नाही आणि कारसारखा बदलायचा डबा-फिल्टर नसतो. एक जाळी असते आणि क्लचच्या बाजूला ऑइलमधली घाण गरगरवून कडेला बसवणारी चकती. तेवढंसं ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच तिघांनाही पुरवायचं. त्यामुळे ते वेळेवर बदलणं हीच निम्मी देखभाल. आणि त्यात लोक दोन चुका हमखास करतात. कारचं उरलेलं चांगल्या कंपनीचं महाग ऑइल गाडीत घालतात. त्यातल्या घसरण वाढवणाऱ्या रसायनांनी ऑइलात भिजलेला क्लच सटकू शकतो. डब्यावर 'जासो एमए' असं लिहिलेलं मोटरसायकलचंच ऑइल लागतं. दुसरी चूक कांडीची. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, दोन-चार मिनिटं चालवून बंद करून, थोडं थांबून, कांडी पुसून नुसती टेकवायची असते, आट्यांत फिरवायची नसते. फिरवली की ती जास्त खोल बुडते आणि ऑइल आहे असा निर्वाळा देते. अण्णा जवळजवळ वीस वर्षं फिरवून बघत होते. अर्धा पाव ऑइल कमी असताना समाधानानं कांडी पुसून ठेवत होते. तरी ते इंजिन अजून निळा धूर मारत नाही, यावरून काय ते समजा.

टॅपेटच्या आवाजाबद्दलही असाच एक जुनाट समज आहे. नवशिक्याला कुणीतरी सांगतं, गाडी टकटक करते, टॅपेट टाइट करून घे. तो जातो, मेकॅनिक आवळून देतो, गाडी मांजरासारखी गप्प होते, सगळे खूश. व्हॉल्व्ह तापला की लांबतो. त्याला लांबायला जागा म्हणून ती फट ठेवलेली असते, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजायची, तीही इंजिन गार असताना. फट नाहीशी केली की तापल्यावर व्हॉल्व्ह आपल्या जागी नीट बसत नाही, दाब गळतो, कड जळते. मग गाडी सकाळी सुरू होते आणि दुपारी तापलेली असताना काही केल्या होत नाही. हलका, एका तालातला टकटक ऐकू येतोय तोवर झोप लागायला हरकत नाही. गप्प झालेल्या टॅपेटला मी जास्त भितो.

दाजींशी माझा वाद चालला असताना मागून माझ्याच बाजूचे म्हणवणारे काही लोक टाळ्या वाजवतायत, त्यांनाही बाजूला करतो. 'जुनं ते सोनं'वाले. आरएक्स 100 ला नव्या गाडीएवढे पैसे मोजणारे, आवाजाच्या आठवणीनं डोळे मिटणारे. ती गाडी 1996 मध्ये बंद झाली. तिचे खरे पार्ट शोधणं हा पूर्णवेळ धंदा आहे. जी आत्ता कुठं क्लच सोडायला शिकलीय तिच्या हाती अचानक ताकद सोडणारं टू-स्ट्रोक देणं हा खरोखरच फुटका भोपळा. जुनी गाडी नवशिक्यानं घ्यावी ती साधी, रटाळ, तालुक्यातल्या प्रत्येक दुकानात जिची क्लच केबल टांगलेली असते अशी. सौंदर्य नसलेलीच बरी. आणि कागद बघून घ्यावी: पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण, पुढे दर पाच वर्षांनी, विमा, पीयूसी. अण्णांनी 2019 ला आणि 2024 ला ते न चुकता केलं होतं, 2024 ला तर गाडी पोत्याखाली असताना. कागद थकलेली गाडी कितीही गोड चालली तरी घेऊ नये, तिथं मी दाजींच्या पक्षात आहे.

'नवी घे' याला माझा विरोध का, तेही सांगतो. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक बीएस-6 गाड्यांत कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. धूर कमी, थंडीत पहिल्या झटक्यात सुरू, स्लो जेट बुजण्याचा प्रश्नच नाही. उत्तम. पण ती बिघडते तेव्हा मीटरवर एक पिवळा दिवा लावते आणि पुढचं मशीनशी बोलते. बॅटरी पुरती बसली तर किक असूनही बहुधा उपयोग नाही, कारण पेट्रोलचा पंपच फिरत नाही. अण्णांच्या गाडीची बॅटरी मेलेली असताना आम्ही ती दोन आठवडे किकवर चालवली. हॉर्न वाजत नव्हता म्हणून भाची "ओ काका" म्हणून ओरडत होती, ते वेगळं. (बॅटरी त्यानंतर लगेच घेतली. हॉर्नशिवाय आमच्या बाजारपेठेतून जाणं हे धाडस आहे.) नवी गाडी वाईट नाही. ती शिकवत नाही. दाजींना शिकवणं नकोच असेल, पोरगी फक्त पोचायला हवी असेल, तर त्यांचं बरोबर आहे. पण मग 'नवशिक्यासाठी चांगली' असं म्हणू नये, 'बापाच्या काळजीसाठी चांगली' म्हणावं. तीही काळजी मला कळते.

पैशाचा हिशेब भाचीनं वहीत मांडलाय. दोन टायर-ट्यूब, चेन-स्प्रॉकेटचा सेट, ब्रेक शू, बॅटरी, केबली, फिल्टर, प्लग, ऑइल आणि ते नको असलेलं सीडीआय धरून साडेआठ हजार. नवी रस्त्यावर यायला लाखाच्या आसपास. दाजी म्हणतात, हा खर्च दर वर्षी होईल. होणार नाही; यातलं बरंचसं वीस वर्षांची थकबाकी होती. चेन-स्प्रॉकेट तिन्ही एकत्र बदलली की पुढची काही वर्षं बदलावी लागत नाहीत, पण विसरायचीही नाहीत: कव्हरचं रबरी बूच काढून महिन्यातून एकदा बोटानं ढिलाई बघायची आणि 90 नंबरचं ऑइल सोडायचं. चेन ताणली की मागचं चाक थोडं मागं सरकतं आणि मागचा ब्रेक आपोआप आवळला जातो, तो पुन्हा सैल करायचा. हे न केल्यानं ड्रम तापलेल्या किती गाड्या 'मायलेज देत नाही' म्हणून विकल्या गेल्या असतील.

टायरबद्दल एक ओळ, कारण इथं चूक माफ होत नाही. अण्णांच्या टायरची नक्षी शाबूत होती, बाजूला मात्र भेगा. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरवर 2213 होतं. 2013 च्या बाविसाव्या आठवड्यातलं रबर. नक्षी बघून मी त्यावर बसलो असतो, हे कबूल करतो. ब्रेकचंही तसंच. ड्रमवरचा बाण खुणेशी आला की शू संपले, एवढी सोपी सोय कंपनीनं दिलेली असते आणि आपण पॅडल किती खाली जातंय त्यावर अंदाज बांधतो. वॉशिंग सेंटरवाला गाडी चमकावी म्हणून डिझेलचा फवारा मारतो, त्याला चाकांपाशी हात धरून थांबवायचं, मग तो रागावला तरी. 2019 पासूनच्या नव्या छोट्या गाड्यांत एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा लागतो, अशी सोय सक्तीची आहे. अण्णांच्या गाडीत ती नाही. भाचीला मोकळ्या मैदानावर पुढचा-मागचा मिळून दाबायला शिकवताना आमचे तीन रविवार गेले. एवढा वेळ नसणाऱ्या घरानं दाजींचंच ऐकावं.

परवा दाजी आले होते. संध्याकाळची वेळ, भाची अंगणात टाकी पुसत होती. ते काही न बोलता गाडीवर बसले, किक मारली, एका किकला लागली, आणि त्यांनी हेडलाइट लावला. मूठ पिळली की उजेड भिंतीवर चढायचा, मूठ सोडली की विझत्या समईसारखा पिवळा व्हायचा. या जुन्या गाड्यांचा मोठा दिवा मॅग्नेटोच्या विजेवर चालतो, बॅटरीवर नाही. इंजिन हळू फिरलं की दिवाही हळू. म्हणजे नेमका वळणावर, खड्ड्यापाशी, जिथं वेग कमी होतो तिथंच अंधार. जास्त वॅटचा बल्ब टाकून भागत नाही, तेवढी वीज मॅग्नेटो देत नाही. दाजींनी चार-पाच वेळा मूठ पिळली, सोडली. माझ्याकडे बघितलं. "आणि हे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. वायरिंग बदलून दिवा बॅटरीवर घ्यायचं एकजण म्हणाला, पण एवढीशी बॅटरी रोजच्या भाराला किती दिवस पुरेल याची खात्री त्यालाही देता आली नाही. भाची दिवस मावळायच्या आत घरी येते. प्रॅक्टिकलला उशीर झाला तर गाडी कॉलेजातच ठेवते आणि एसटीनं येते.